पगार सोडला, आता उत्तर कुणाला द्यायचे?

गेली दोन-तीन वर्षे एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी आमच्यापर्यंत येतो आहे. विचारणारा किंवा विचारणारी बहुधा आपल्याच समाजातली, पंचविशी-तिशीतली. बाप रेल्वेत, पालिकेत किंवा गिरणीत होता. आई धुणीभांडी करून नाहीतर अंगणवाडीत राबून घर चालवत होती. शिष्यवृत्तीवर इंजिनिअरिंग झाले, मग एमबीए, मग एखाद्या मोठ्या सल्लागार कंपनीत नोकरी. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर लॅपटॉप, महिन्यातले निम्मे दिवस विमानतळावर. आणि आता ती मुलगी किंवा तो मुलगा म्हणतो, हे सगळे सोडून मुंबई-पुण्यातल्या पालिका शाळांत काम करणाऱ्या एखाद्या संस्थेत जावेसे वाटते. पगार निम्म्याच्याही खाली येईल. जाऊ का?

आमच्यापैकी काहींनी अशा कंपन्यांत वर्षे काढली आहेत. काही पालिकेच्या शाळेत शिकवतात. बाकीचे संध्याकाळी वस्तीत अभ्यासिका चालवतात. त्यामुळे या प्रश्नाकडे आम्ही तिन्ही बाजूंनी पाहिले आहे. जा किंवा नका जाऊ, असे उत्तर आम्ही देत नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. तिथे गेल्यावर तुम्ही उत्तर कुणाला देणार? देणगी देणाऱ्या कंपनीला, संस्थेच्या संचालकाला, की त्या शाळेतल्या मुलांच्या आईबापांना? याचा निकाल लागल्याशिवाय पगार सोडण्याला काडीचा अर्थ नाही.

चळवळीत या प्रश्नावर दोन तयार उत्तरे मिळतात. एक म्हणते, केवढा मोठा त्याग! लगेच शाल, पुष्पगुच्छ, जयंतीच्या व्यासपीठावर खुर्ची. दुसरे म्हणते, एनजीओ म्हणजे भांडवलदारांची दलाली, तिकडे गेला तो चळवळीतून गेला. दोन्ही उत्तरे आळशी आहेत. दोन्हींमध्ये माणसाचे काम काय, ते कुणासाठी आणि कुणाच्या देखरेखीखाली, याची चौकशीच होत नाही.

आधी त्यागाबद्दल. सवर्ण घरातला मुलगा दोन वर्षे वस्तीच्या शाळेत शिकवतो तेव्हा त्याच्या मागे घर उभे असते. आजोबांचा फ्लॅट असतो, वडिलांची पेन्शन असते, दोन वर्षांनी परदेशी विद्यापीठाचा अर्ज असतो आणि त्या अर्जात या दोन वर्षांवर एक छान परिच्छेद असतो. त्याच्यासाठी हा त्याग नव्हे, गुंतवणूक आहे. आम्ही त्याला दोष देत नाही. त्यातले काही मनापासून काम करतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पण आपल्या घरातली पहिली मोठा पगार आणणारी मुलगी नोकरी सोडते तेव्हा तिच्याबरोबर घराचा हप्ता, धाकट्या भावाची फी, आईचे डायलिसिस आणि गावाकडच्या चुलत्याचे कर्ज हे सगळेच नोकरी सोडते. तिला ‘तू त्याग कर’ म्हणणारा कार्यकर्ता तिच्या घरचा महिन्याचा हिशेब कधी विचारत नाही.

इंग्रजी संस्थांमध्ये ‘समाजाला परत द्यायचे’ असा शब्दप्रयोग फार चालतो. समाज म्हणजे कोण, आणि घेतले काय होते, हे मात्र मोघम ठेवले जाते. आपल्याकडे हे मोघम नाही. आपले ऋण नावानिशी सांगता येते. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना १९४४ साली सुरू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. मिलिंद महाविद्यालय. समाजकल्याणचे वसतिगृह. पालिकेतल्या सफाई कामगाराच्या पतपेढीतून काढलेले कर्ज. ज्याला आपले देणेकरी नावानिशी माहीत आहेत, त्याला दानशूर होण्याची गरज नाही. त्याने हप्ता भरायचा.

आणि हप्ता भरण्याची रीतही आपल्याकडे सांगून ठेवलेली आहे. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाकडे मिळकतीचा विसावा हिस्सा मागितला. सगळी मिळकत नव्हे, नोकरीचा राजीनामाही नव्हे. बामसेफचा इतिहासही हेच सांगतो. कांशीरामसाहेबांनी पुण्याच्या संरक्षण प्रयोगशाळेतली नोकरी सोडली, हे आपण नेहमी सांगतो. पण ६ डिसेंबर १९७८ ला ज्या संघटनेची स्थापना झाली ती नोकरीत राहिलेल्यांची होती, हे सांगायला विसरतो. एकाने नोकरी सोडली आणि हजारोंनी नोकरीत राहून आपला पैसा, वेळ आणि बुद्धी दिली. चळवळ या दोन्हींवर उभी राहिली.

आता कसबाबद्दल. सल्लागार कंपनीत शिकलेले कसब वाईट नसते. मोठ्या आकड्यांच्या ढिगाऱ्यातून नेमका आकडा काढणे, खर्च आणि परिणाम शेजारी शेजारी मांडणे, समोर बसलेल्या अधिकाऱ्याला पळवाट न ठेवता प्रश्न विचारणे, हे सगळे तिथे येते. आणि हे कसब आपल्या परंपरेला परके नाही. बडोद्याची नोकरी सोडावी लागल्यावर कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेल्या बाबासाहेबांनी मुंबईत शेअर-रोख्यांच्या व्यवहारात सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक तुटले आणि पेढी बंद पडली. सल्ला चांगला होता की वाईट, हा प्रश्नच कुणी विचारला नाही. गुणवत्तेची पूजा करणाऱ्या आजच्या कंपन्यांत आपण आडनाव सांगताना क्षणभर थांबतो, ते याच इतिहासामुळे.

पेढी बंद पडली, कसब बंद पडले नाही. १२ मार्च १९२७. मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर चर्चा चालू होती. बाबासाहेबांनी उभे राहून हिशेब मांडला. सरकार शिक्षणावर डोई १४ आणे खर्च करते आणि दारूच्या अबकारीतून डोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते. शाळेत दाखल झालेल्या १०० मुलांपैकी १८ चौथीपर्यंत पोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात. या गतीने सर्व मुलगे शाळेत यायला ४० वर्षे लागतील आणि मुलींना ३०० वर्षे. हे भाषण वाचा, त्यात एक शब्दही भावनेचा नाही. नुसता सरकारचा खर्च सरकारच्या उत्पन्नासमोर ठेवला आहे. आणि त्यानंतर आठ दिवसांनी, २० मार्चला, हाच माणूस महाडच्या चवदार तळ्यावर होता. हिशेब आणि तळे, दोन्ही एकाच महिन्यात.

जोतीरावांचेही तेच. ते बांधकामाची कंत्राटे घेत, व्यवसाय करत आणि पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या स्वागतासाठी पालिकेने १००० रुपये खर्च करावेत असा ठराव आला, तेव्हा हे पैसे गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा म्हणून विरोधात मत देणारे ते एकटे होते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिले त्याचाही गाभा हिशेबच आहे: सारा शेतकरी भरतो आणि सरकार पैसा खर्च करते वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. कंत्राटदाराला पैसा कुठून येतो आणि कुठे मुरतो हे कळते. त्यांनी ते ज्ञान सत्तेकडे बोट दाखवायला वापरले.

इथेच खरी मेख आहे. शहरी शिक्षणातल्या आजच्या संस्थांमध्ये हेच कसब बहुतेक वेळा खाली वळवले जाते. मोजमाप होते ते मुलांचे आणि शिक्षकांचे. मुले किती शब्द वाचतात, शिक्षक वर्गात किती मिनिटे ‘प्रभावी’ असतो. सरकारने किती जागा रिकाम्या ठेवल्या, पालिकेने शिक्षणाचा किती पैसा खर्चच केला नाही, हे मात्र त्या डॅशबोर्डवर नसते. का नसते? कारण पालिकेबरोबरचा करार दरवर्षी नवा करून घ्यायचा असतो, आणि देणगी देणाऱ्या कंपनीला सरकारशी भांडणारी संस्था नको असते.

हा प्रकार आला कुठून? अमेरिकेत १९८९ मध्ये प्रिन्स्टनच्या एका विद्यार्थिनीने, वेंडी कॉप यांनी, आपल्या पदवीच्या प्रबंधात कल्पना मांडली की नामवंत विद्यापीठांच्या पदवीधरांनी दोन वर्षे गरीब भागातल्या शाळांत शिकवावे. त्यातून ‘टीच फॉर अमेरिका’ उभी राहिली. तिचीच भारतीय बहीण ‘टीच फॉर इंडिया’, जिचे पहिले फेलो २००९ मध्ये मुंबई-पुण्याच्या वर्गांत उभे राहिले. २००७ मध्ये मॅकिन्झी या सल्लागार कंपनीने जगातल्या उत्तम शालेय व्यवस्थांवर अहवाल काढला आणि शाळा हा सल्लागारांचा विषय झाला. आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ ने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले. शिक्षण हे त्या पैशाचे आवडते घर. तेव्हापासून सल्लागार कंपनीतून शिक्षणसंस्थेत आणि तिथून परत कंपनीच्या सीएसआर विभागात असा एक रुळलेला रस्ता तयार झाला आहे. या रस्त्यावर चालणारे एकमेकांना ओळखतात, एकाच भाषेत बोलतात, बहुतेक वेळा एकाच जातिसमूहातून येतात.

त्या भाषेत एक शब्द कधीच नसतो. जात. ‘लो इन्कम कम्युनिटी’ असते, ‘अंडरसर्व्ड’ असते, ‘फर्स्ट जनरेशन लर्नर’ असते. मुंबई पालिकेच्या शाळा आठ माध्यमांतून चालतात: मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, कन्नड, तामिळ, तेलुगू. या वर्गांत बसलेली मुले कोण आहेत, हे गोवंडी-मानखुर्दच्या एखाद्या शाळेचे हजेरीपुस्तक उघडले की आडनावांवरून समजते. बौद्ध, मातंग, मुस्लिम, भटके-विमुक्त, वाल्मिकी, दक्षिणेतून आलेले दलित. ज्या देशात गरिबीचा पत्ता जातीने ठरतो, तिथे ‘कमी उत्पन्न गट’ म्हणून थांबणे म्हणजे रोगाचे नाव न घेता औषध लिहिणे. आमच्यातल्या एकीने एका संस्थेत मुलांच्या गळतीचे विश्लेषण करताना जातवार आकडे काढावेत असे सुचवले. ‘देणगीदारांना ते विभाजनवादी वाटेल’ असे उत्तर मिळाले. विभाजन आकड्यात नव्हते, वर्गात आधीपासून होते.

दुसरी गोष्ट शिक्षकांची. पालिका शाळेतला शिक्षक कामचुकार, युनियनबाज, मोबाइलवर बसणारा; आणि संस्थेतून आलेला तरुण फेलो उत्साही, इंग्रजी बोलणारा, मुलांना मिठी मारणारा. हे चित्र तुम्ही शंभर सादरीकरणांत पाहिले असेल. पालिकेचे काही शिक्षक खरोखर शिकवत नाहीत. काही वर्गात जात काढतात, हेही आम्हाला ठाऊक आहे आणि त्याविरुद्ध आम्ही लेखी तक्रारी केल्या आहेत. पण पालिकेचा कायम शिक्षक म्हणजे आरक्षणाने भरलेले पद, वेतन आयोगाचा पगार, निवृत्तिवेतन आणि सेवाशर्ती. आपल्या समाजात जो मध्यमवर्ग उभा राहिला तो बराचसा शिक्षकाच्या नोकरीवर. ते पद रिकामे ठेवायचे, तिथे दोन वर्षांचा फेलो किंवा मानधनावरचा तरुण बसवायचा आणि मग निकाल सुधारला म्हणून टाळ्या घ्यायच्या. यात मुलाचा फायदा एक वर्षाचा आणि समाजाचे नुकसान पिढीचे.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी हे आपल्या आधी भोगले आहे. २००५ च्या कॅटरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्समध्ये सार्वजनिक शाळांतल्या सात हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना काढून टाकले गेले. त्यातल्या शिक्षकांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते, अनेक जणी वीस-वीस वर्षे शिकवत होत्या. शाळा खासगी व्यवस्थापनाच्या चार्टर शाळा झाल्या आणि वर्गांत बाहेरून आलेले तरुण, बरेचसे गोरे, पदवीधर उभे राहिले. शिकागोत २०१३ मध्ये एका फटक्यात सुमारे ५० सार्वजनिक शाळा बंद केल्या गेल्या, त्यांतली बहुतेक मुले कृष्णवर्णीय. या प्रत्येक निर्णयामागे कुणातरी हुशार माणसाने केलेले तक्ते होते. त्या माणसांपैकी अनेकांना आपण गरिबांचे भले करतो आहोत असे प्रामाणिकपणे वाटत होते.

आपल्याकडे वादळाची गरज पडली नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने ‘शाळा दत्तक योजना’ आणली. देणगीदाराने शाळा दत्तक घ्यायची आणि ठरावीक मुदतीसाठी शाळेच्या नावाला आपले नाव जोडून घ्यायचे. त्याच सुमारास २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची चर्चा सुरू झाली. ज्या शाळेला सावित्रीबाईंचे नाव आहे तिच्या पाटीवर उद्या सिमेंट कंपनीचे नाव लागले तर त्याला ‘लोकसहभाग’ म्हणायचे. तुम्ही ज्या संस्थेत जाऊ पाहता तिने यावर काय भूमिका घेतली, हे विचारलेत का?

यावर आम्हाला नेहमी एक प्रतिप्रश्न येतो आणि तो रास्त आहे. ‘तुम्ही व्यवस्थेबद्दल बोलत राहा, पण आज पाचवीत असलेल्या मुलीला वाचता येत नाही, ती तुमच्या लढ्याची वाट पाहत किती वर्षे बसणार?’ अगदी बरोबर. ती बसू शकत नाही. म्हणून तर आमच्या अभ्यासिका संध्याकाळी सातला उघडतात. मुलीला वाचायला शिकवण्याला आमचा विरोध नाही. ती वाचायला शिकली याचे श्रेय घेताना, ती सरकारी शाळेत पाच वर्षे बसूनही का शिकली नाही हा प्रश्न गिळून टाकण्याला विरोध आहे. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह काढले. आदर्श शाळा काढून तिची छायाचित्रे छापली नाहीत. शाळा होत्या, आपल्या मुलाला शाळेच्या गावात राहायला छप्पर नव्हते. नेमकी अडचण कुठे आहे ते पाहिले आणि तिथे हात घातला. पुढे सिद्धार्थ महाविद्यालयात नोकरी करणाऱ्या मुलांसाठी सकाळचे वर्ग ठेवले, तेही त्याच नजरेने.

आज मुंबईच्या वस्तीत तशी नेमकी अडचण कुठे आहे? एकच उदाहरण घेतो, कारण ते कुठल्याही डॅशबोर्डवर सापडणार नाही. जातीचा दाखला. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा लागतो. मुलगी मानखुर्दला जन्मली, शिकली. तिचे आजोबा १९७२ च्या दुष्काळात जालन्याकडून मुंबईला आले. दाखला मुंबईत निघत नाही, मूळ गावच्या तालुक्यातून काढावा लागतो. आजोबा शाळेत गेलेच नव्हते, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला नाही. मग कोतवाल बुकातली नोंद शोधा, आजोबांच्या भावाचा कुठे कागद आहे का पाहा. बापाची चार दिवसांची मजुरी बुडते, एसटीचे भाडे वेगळे, आणि तलाठी म्हणतो पुढच्या सोमवारी या. घराण्याने अभिमानाने शाळेत ‘बौद्ध’ लिहिलेले असते, तर केंद्राच्या कामासाठी मूळ जातीचा उल्लेख असलेला दाखला वेगळा. परराज्यातून १९५० नंतर आलेल्या दलित कुटुंबाला तर इथे अनुसूचित जातीचे लाभच नाहीत. मग बारावीनंतर जात पडताळणी.

हे सगळे जमले नाही की मुलीची शिष्यवृत्ती गेली, राखीव जागा गेली, वसतिगृह गेले. आणि संस्थेच्या तक्त्यात तिच्यासमोर लिहिले जाते: ‘प्रेरणेचा अभाव’.

आता सांगा, सल्लागार कंपनीत तीन वर्षे काढलेल्या माणसाला हे काम जमणार नाही? एका शाळेतल्या सातवीच्या सगळ्या मुलांचे कागद तपासायचे. कुणाचे मूळ गाव कुठले, कोणता पुरावा कमी, कोणत्या तालुक्याला जायचे, याची यादी करायची. त्या तालुक्यातल्या आपल्या कार्यकर्त्याशी जोडून द्यायचे. पालिकेच्या प्राथमिक शाळांच्या मानाने माध्यमिक शाळा फार कमी, म्हणून सातवी-आठवीनंतर मूल नेमके कुठे जाते, याचा शाळानिहाय माग ठेवायचा. त्या वॉर्डात नववीच्या जागा किती कमी आहेत ते पालिकेपुढे मांडायचे. हे अगदी त्यांच्याच कामाचे काम आहे. फक्त यात पंचतारांकित हॉटेलातली परिषद नाही.

दुसरे काम शाळा व्यवस्थापन समितीचे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार या समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात, दुर्बल घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. शाळेचा विकास आराखडा करण्याचा अधिकार कलम २२ ने हिच समितीला दिला आहे. आम्ही पाहिलेल्या कितीतरी शाळांत मुलाला सोडायला आलेल्या आईला गेटवर थांबवून सही घेतली जाते, हीच तिची समिती. आराखडा कुणी लिहिला? बऱ्याचदा संस्थेच्या माणसाने, इंग्रजीत. धुणीभांडी करणाऱ्या बाईला शाळेचा खर्च वाचता यावा म्हणून चार बैठका घेणे आणि मग तिच्याच तोंडून मुख्याध्यापकाला प्रश्न विचारला जाणे, यात तुमच्या कसबाचा खरा उपयोग आहे. यात तुमचे नाव कुठे येणार नाही, एवढीच अडचण.

तिसरे, कायदा मोडला जातो तेव्हा उभे राहणे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला २५ टक्के राखीव जागांतून सूट. शहरात कुठल्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरमध्ये पालिकेची शाळा नसते? म्हणजे शहरापुरता तो कायदाच गुंडाळला. पालक आणि संघटना उच्च न्यायालयात गेल्या, १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. त्या पाच महिन्यांत, प्रवेशाचा हंगाम तोंडावर असताना, याचिकेसाठी वॉर्डवार शाळांचे अंतर, जागांची संख्या, वगळल्या जाणाऱ्या मुलांचा अंदाज, असे साधे तक्ते करून देणारी माणसे हवी होती. असे तक्ते एका रात्रीत करणारी आपली शेकडो मुले त्या वेळी कुठल्यातरी साबण कंपनीच्या बाजारपेठेचे अंदाज बांधत होती.

म्हणून संस्थेत जाण्याआधी मुलाखत तुम्हीही घ्या. विश्वस्त मंडळात कोण आहेत, त्यांच्यापैकी कुणाचे मूल पालिका शाळेत शिकले? वर्षाचा पैसा किती ठिकाणांहून येतो, आणि सगळ्यात मोठ्या देणगीदाराने हात काढला तर काम चालू राहील का? पालकांच्या सभेत संस्थेचा हिशेब ठेवला जातो का? आणि सगळ्यात महत्त्वाचे, वस्तीतली जी पोरे-पोरी ‘कम्युनिटी मोबिलायझर’ म्हणून उन्हात दारोदार फिरतात त्यांना पगार किती, आणि त्यांच्यापैकी कुणी आजवर कार्यक्रम प्रमुख झाले का? आमच्या पाहण्यातल्या अनेक संस्थांत वर इंग्रजी बोलणारे सवर्ण, खाली मानधनावरचे बहुजन, आणि मध्ये एक जिना, जो कधी कुणी चढत नाही. तुम्ही एमबीए आहात म्हणून तुम्हाला वरच्या मजल्यावर बसवतील. वार्षिक अहवालात तुमचा फोटोही टाकतील, ‘वस्तीतून आलेले नेतृत्व’ म्हणून. त्या खुर्चीत बसून खालच्या मानधनाचा प्रश्न काढाल, तेव्हा तुमची त्या संस्थेतली खरी जागा कळेल.

या प्रश्नांची बरी उत्तरे देणाऱ्या छोट्या संस्था आहेत. त्यांचे सादरीकरण फारसे देखणे नसते, पगार वेळेवर होईलच असे नाही. तिथे जायचे असेल तर वर्षभराचा घरखर्च बाजूला ठेवून, घरच्यांशी मोकळेपणी बोलून जा. कर्ज काढून जाऊ नका. उपाशी कार्यकर्ता दोन वर्षांत कडवट होतो किंवा निघून जातो. आम्ही दोन्ही पाहिले आहेत.

आणि ज्यांना नोकरी सोडता येत नाही, त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये. मुंबई पालिकेच्या शिक्षण विभागाचा अर्थसंकल्प दरवर्षी फेब्रुवारीच्या सुमारास येतो. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर दीर्घकाळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्या काळात सभागृहात उभे राहून शिक्षणाच्या तरतुदीवर प्रश्न विचारणारा लोकांनी निवडलेला माणूस नव्हता. हा अर्थसंकल्प छापील आहे, जाहीर आहे, कुणालाही वाचता येतो. तरतूद किती, सुधारित अंदाज किती, प्रत्यक्ष खर्च किती, हे तीन रकाने पाच वर्षांचे शेजारी शेजारी लावायला सल्लागार कंपनीतल्या माणसाला एक रविवार पुरतो. शिष्यवृत्तीची किती रक्कम वाटलीच गेली नाही, शिक्षकांची कुठल्या माध्यमात किती पदे रिकामी, हे माहितीच्या अधिकारात मागायला दहा रुपये लागतात.

तेव्हा आम्हाला भेटायला याल तेव्हा ‘जाऊ का’ हा प्रश्न घेऊन येऊ नका. तुमच्या घराजवळची पालिकेची शाळा कोणती, तिच्यात किती माध्यमे आहेत, शाळा व्यवस्थापन समितीची शेवटची बैठक कधी झाली आणि आठवड्यातली कोणती संध्याकाळ तुम्हाला मोकळी असते, एवढे लिहून आणा. मानखुर्दच्या सातवीच्या मुलांचे कागद तपासायचे काम सध्या तीन जणांवर आहे, आणि मंगळवारी त्यातला एक जण जालन्याला गेलेला असतो.